मेलेलेच आणा

रूपल लग्न होऊन जाफराबादला आली, तेव्हा तिच्या बॅगेत साड्यांच्या खाली एक जाड वही होती. वहीत पानोपानी पेन्सिलीनं काढलेले किडे होते. मुंग्या, चतुर, भुंगे, कोळी. कुणाच्या पायावर किती केस, कुणाच्या पंखात किती शिरा, सगळं भिंगातून बघून काढलेलं. जालन्याच्या कॉलेजात तिनं प्राणिशास्त्र घेतलं होतं आणि झुरळ कापायची वेळ आली तेव्हा सोडून दिलं होतं. घर जैन. जीव मारणं तिला जमण्यासारखं नव्हतंच. पण किड्यांचा नाद काही सुटला नाही.

सासरी तळमजल्यावर सासऱ्यांचं, अमरचंदजींचं, बियाण्यांचं आणि औषधांचं दुकान होतं. औषधं म्हणजे फवारणीची. सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही न घेणारे अमरचंदजी त्या बाटल्यांबद्दल एकच वाक्य बोलत, "आपण विकतो. फवारत नाही." नवरा नमन बियाण्यांच्या कामानं गावोगाव फिरायचा. अमरचंदजी जेवायला किंवा बँकेत गेले की दुकानात रूपल बसायची.

दोन वर्षं तिनं ती वही कुणाला दाखवली नव्हती. पहिल्यांदा पाहिली ती उषाबाईनं.

उषाबाई चाळिशीची, गावाबाहेरच्या वस्तीवर राहणारी. सर्जेराव नावाच्या शेतकऱ्याच्या शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मोठ्या मांडवात, मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट होता. तिथं ती क्रॉसिंगचं काम करायची. चिमट्यानं कळी उघडायची, नर ओळीतल्या फुलाचा पराग मादी ओळीतल्या फुलाला लावायचा, खुणेचा दोरा बांधायचा. दिवसभर तेच. उन्हाळ्यात हे काम नसलं की ती लोकांचे गहू निवडून द्यायची. रूपलच्या सासूनं, धापूबाईंनी, तिला वर्षाचे गहू निवडायला बोलावलं होतं.

गच्चीवर गहू पसरले होते. उषाबाई एकदम हळू आवाजात म्हणाली, "भाभी, इकडं या. जल्दी."

तिच्या तळहातावर तुरीच्या दाण्याएवढा एक कोळी होता, उडी मारणाऱ्या जातीचा.

"ह्याचे डोळे बघा. दोन मोठे, बाकीचे बारके. मी मान हलवली की ह्यो बी वळून बघतो."

रूपल धावत जाऊन भिंग घेऊन आली. उषाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा भिंगातून पाहिलं. मग म्हणाली, "अगं माय, ह्यो तर माणसासारखा बघून राह्यला." त्या दुपारी रूपलनं वही काढली. गहू तसेच राहिले आणि धापूबाईंची बोलणी दोघींनी खाल्ली.

तेव्हापासून आठवडी बाजाराच्या दिवशी उषाबाई दुकानाच्या मागच्या दारानं यायची. पायरीवर बसून दोघी अर्धा-पाऊण तास बोलायच्या. उषाबाई शाळेत चौथीपर्यंत गेलेली, पण तिनं जे पाहिलं होतं ते रूपलनं पुस्तकातही वाचलं नव्हतं. कुंभारीण, म्हणजे एक गांधीलमाशी, मातीचं घरटं बांधते; उषाबाईनं एकदा तसलं एक फोडून पाहिलं होतं. आत सात हिरव्या अळ्या, जिवंत, पण हलत नव्हत्या.

"मारत न्हाई ती त्यायला," उषाबाई म्हणाली. "निस्ती गुंगवून ठिवते. पिल्लाला ताजं खायला पायजे ना."

"तुम्हाला कसं कळलं?"

"टोचून पाह्यलं. एकीनं तोंड हलवलं बारीकसं."

रूपल तिला नावं सांगायची. पानाखाली केसासारख्या दांड्यांवर अंडी घालणारा किडा तो क्रायसोपा, हे कळल्यावर उषाबाई तो शब्द आठवडाभर तोंडात घोळवत राहिली. नेटमधल्या बायांना तिनं तो सांगितला तर त्या हसल्या. मग तिनं सांगणं सोडून दिलं.

चित्र काढायला किडा समोर हवा. रूपलनं तिला माहेरच्या मुखवासाची एक निळ्या झाकणाची डबी दिली, आत कापूस घालून.

"पण मेलेलेच आणा हं. जिवंत धरून डबीत कोंडू नका. मला पाप लागेल."

"मेलेलं हुडकायला येळ लागतो, भाभी. जितं तर रोज दिसतंय."

"लागू द्या वेळ."

उषाबाई हसली, पण तिनं शब्द पाळला. डबी कधी दोन किड्यांची यायची, कधी रिकामी. रिकामी आली की रूपलचा चेहरा उतरायचा आणि ते उषाबाईला दिसायचं. रूपलला त्या वर्षी सोनकिडा हवा होता. लहानपणी तिनं एकदाच पाहिला होता, हिरवा, सोन्यासारखा झळकणारा. वहीत त्याच्यासाठी तिनं एक पान कोरं ठेवलं होतं.

दिवाळीला महिना राहिला होता. एक दिवस सकाळी दहाच्या सुमारास सर्जेराव दुकानात आले. अमरचंदजी बँकेत गेले होते. सर्जेरावांनी लाल त्रिकोणाच्या, म्हणजे सगळ्यात जहाल औषधाच्या, दोन बाटल्या मागितल्या आणि रूपलनं त्या मांडणीवरून काढून दिल्या.

"मिरचीवर लाल कोळी माजलाय, फुलकिडे बी लई झालेत. आज सगळं धुऊन काढतो. बायांना सुट्टी देऊन टाकली."

ते गेले आणि तासाभरानं मागच्या दारी उषाबाई आली. सुट्टी मिळाल्यामुळं ती खुशीत होती.

"भाभी, आज फवारा हाय. फवारा झाला की वाफ्यावर अंथरलेल्या मल्चिंगच्या कागदावर पडतेत सगळे. चंदेरी कागद, त्याच्यावर चिलट बी दिसतं. एरवी मेलेलं एक हुडकायला आठवडा जातो. आज डबी भरूनच आणते."

त्या बाटलीवरची चिठ्ठी रूपलनं कितीदा वाचली होती. फवारलेल्या जागेत लगेच जाऊ नये, अंगाला लागू देऊ नये, वास घेऊ नये. आणि हे तर चारी बाजूंनी पडदे सोडलेलं नेट. 'आज नका जाऊ' हे शब्द तिच्या अगदी ओठावर आले होते. पण ती म्हणाली, "बाभळीच्या बाजूला नेट फाटलंय म्हणता ना? तिथं बघा. बाभळीवरचा सोनकिडा आत आला असेल तर."

"बघते की."

तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं आणि रूपल उठून आत गेली.

सर्जेरावांनी दुपारी एकपर्यंत फवारणी केली आणि ते जेवायला घरी गेले. दीडच्या सुमारास उषाबाई नेटमध्ये शिरली. किती वेळ होती ते कुणालाच माहीत नाही. साडेतीनला शेजारच्या वावरातल्या एका माणसानं तिला नेटच्या दाराशी बसलेलं पाहिलं. तोंडातून लाळ गळत होती आणि अंग थरथरत होतं. ऊन लागलं असेल म्हणून त्यानं तिला लिंबूपाणी पाजलं. तेही उलटून पडलं. मग जीपमध्ये घालून दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी डोळे उघडून पाहिले तर बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या, फवारणीच्या विषाची खूण. तिला जालन्याला हलवलं. दुसऱ्या दिवशी ती जरा बोलली, पाणी मागितलं. तिसऱ्या दिवशी श्वास लागला. चौथ्या दिवशी पहाटे ती गेली.

रूपलला हे दुकानात कळलं, एका गिऱ्हाइकाच्या तोंडून. "सर्जेरावच्या नेटमधली बाई. औषध पिली म्हणतेत."

"पिली?" रूपल म्हणाली.

"न्हाई तर काय? सुट्टी असून ती तिथं काहून गेल्ती?"

हाच प्रश्न सगळ्यांना पडला होता. सर्जेरावांनी पोलिसांना सांगितलं, मी सगळ्या बायांना सुट्टी दिली होती, ही कशी आली मला ठाऊक नाही. उरलेल्या औषधाची बाटली नेटच्या दारातच होती, झाकण सैल. आदल्या आठवड्यात मुलीच्या, शीतलच्या, लग्नावरून उषाबाईचं आणि तिच्या नवऱ्याचं, पुंजारामचं, मोठ्यानं भांडण झालं होतं. ते वस्तीनं ऐकलं होतं. उषाबाईचा भाऊ तातेराव वडीगोद्रीहून आला आणि त्यानं पोलीस ठाण्यात सरळ सांगितलं की बहिणीनं नवऱ्याच्या जाचानं जीव दिला.

रूपलनं दोन दिवस काही केलं नाही. जेवण नीट जात नव्हतं. धापूबाईंना वाटलं उपवासानं असेल.

तिसऱ्या दिवशी पुंजाराम दुकानात आला. उंच, वाळका माणूस, दाढी वाढलेली. अमरचंदजी मांडणीजवळ होते, रूपल गल्ल्यापाशी. त्यानं खिशातून निळ्या झाकणाची डबी काढून काउंटरवर ठेवली.

"दवाखान्यात तिच्या कमरेला व्हती ही. आत निस्ते मेलेले किडे हायेत. लोक म्हणतेत तिला याड लागलं व्हतं." तो रूपलकडं बघत होता. "ती बाजारच्या दिवशी तुमच्याकडं येत व्हती. डबी तुमची हाय का, भाभी?"

रूपलनं डबीकडं पाहिलं. काठोकाठ भरली होती. झाकण नीट लागलं नव्हतं, एक पाय बाहेर आला होता.

अमरचंदजी पुढं आले. डबी त्यांनी ओळखली होती. तसल्या चार डब्या अजून घरात होत्या. त्यांनी सुनेकडं एकदाच पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "असल्या डब्या बाजारात पैशाला पासरी मिळतात, पुंजाराम. झालं ते वाईट झालं. काही मदत लागली तर सांग."

"भाभी?" पुंजारामनं पुन्हा विचारलं.

रूपलनं गल्ल्यातल्या नोटा मोजायला घेतल्या. पुंजाराम डबी उचलून निघून गेला.

रात्री नमननं समजावलं. "लायसन्सचा प्रश्न आहे, रूपल. औषध आपल्या दुकानातलं, दिलं तू. वर तूच तिला आत पाठवलं असं होईल. आणि ती तर गेली."

"मी तिला नको म्हणाले नाही," रूपल म्हणाली. "मला माहीत होतं, आणि मी नको म्हणाले नाही."

नमननं दिवा बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बातमी आली की पुंजारामला चौकशीला नेलंय आणि तातेरावनं ठाण्याबाहेर शीतलच्या देखत त्याच्या श्रीमुखात भडकावली. रूपल वर गेली, कपाटातून वही काढली आणि जिन्यावरून खाली उतरून सरळ दुकानातून बाहेर पडली. अमरचंदजींनी हाक मारली, "बेटा!" तिनं मागं पाहिलं नाही.

ठाण्यात हवालदार तिला ओळखत होता. त्यानं खुर्ची दिली. रूपलनं वही उघडली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. गहू, भिंग, डबी, बाजारचे दिवस. मेलेलेच आणा असं मी म्हणाले होते. त्या दिवशी फवारा आहे हे मला माहीत होतं, बाटल्या मीच दिल्या होत्या. ती डबी भरायला आत गेली, माझ्यासाठी. दुसरं काही कारण नव्हतं.

हवालदार वहीची पानं उलटत राहिला. "एवढ्यासाठी?" तो म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं.

"हो. एवढ्यासाठी."

तातेराव दारातच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. तो भिंतीला टेकून खाली बसला.

पुंजारामला संध्याकाळी सोडलं. पुढं अहवाल आला तेव्हा उषाबाईच्या पोटात औषध सापडलं नाही, जे गेलं ते कातडीतून आणि श्वासातून. पण तोवर महिना उलटला होता. दुकानाची तपासणी झाली, आठ दिवस बंद राहिलं, पुन्हा उघडलं. सर्जेराव दुसऱ्या दुकानातून औषध घेऊ लागले. अमरचंदजी रूपलशी कामापुरतं बोलत. दुकानात तिला कुणी बसू देत नव्हतं.

अहवाल यायच्या आधीच, तेरावा होऊन गेल्यावर, रूपल एकटी वस्तीवर गेली होती. शीतल दारात भांडी घासत होती. वीस-एकवीसची असेल. तिनं हात न धुताच विचारलं, "तुम्हीच का त्या भाभी?"

"हो."

"बसा." तिनं पोतं सरकवलं. मग म्हणाली, "आई तुमच्याकडं येऊन काय करायची? खरं सांगा."

रूपलनं सांगितलं. उडी मारणारा कोळी, कुंभारणीच्या सात अळ्या, क्रायसोपा. किती तपशील उषाबाईनं आपल्या डोळ्यांनी गोळा केले होते. सांगता सांगता रूपलचा आवाज नकळत तसाच झाला, पायरीवर बसून बोलताना व्हायचा तसा. ते लक्षात आल्यावर ती गप्प झाली.

शीतल ऐकत होती. "आम्हाला कधीच न्हाई सांगितलं तिनं ह्यातलं," ती म्हणाली. "घरात कोळी दिसला की मी ओरडायचे. मंग ती यायची आणि झाडूनं त्याला भाईर काढायची. मला वाटायचं तिला बी किळस येती."

आतून पुंजाराम आला. चौकटीला हात टेकून उभा राहिला. रूपल उठली. तिनं हात जोडले.

"त्या दिवशी मी डबी घेऊन आल्तो," तो म्हणाला. "तवा का न्हाई बोलल्या?"

"भ्याले."

त्यानं मान हलवली, बराबर आहे असं म्हटल्यासारखी. "माझ्या पोरीसमोर, चार लोकांत मला मारलं."

"माहीत आहे मला."

"जा आता तुम्ही, भाभी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "पुन्हा येऊ नका."

रूपल निघाली. रस्त्याच्या कडेला तुरी फुलल्या होत्या, पिवळ्या फुलांवर माश्या घोंगावत होत्या. ती त्यांच्याकडं न बघता मोठ्या सडकेपर्यंत चालत गेली आणि जीप येईपर्यंत उन्हात उभी राहिली.