बन्सीधर मिस्त्रीचं मंगलाष्टक

“आधी मोबाईल उघडा किशनराव, मग मी मोटार उघडतो,” बन्सीधर म्हणाला.

किशनराव पाच वर्षं सरपंच होते. त्यांच्या विहिरीवरची जळालेली मोटार दुकानाच्या दारात पडली होती आणि तिकडे रानात गहू पाण्याला आला होता. आमच्या झरी गावात नवी तार गुंडाळून मोटार लगेच भरून देणारा मिस्त्री एकच, त्यामुळे त्याचं ऐकणं भाग होतं.

“मी काय शाळेतलं पोरगं हाय का असलं बघायला?”

“न्हाई ना? मग दाखवा.”

मोबाईल माझ्या हातात आला. बन्सीधरकडे बटनाचा फोन, माझं चहाचं हॉटेल शेजारी, म्हणून शोधायचं काम माझ्याकडे. लग्नातला तो व्हिडिओ त्यात होताच. किशनरावांनी तो भावकीच्या ग्रुपवर, जावयाला आणि तालुक्याच्या कुणा साहेबालाही पाठवला होता.

“आला तसा पुढं ढकलला. मी बनवला का काय?” किशनराव म्हणाले. हे वाक्य त्या महिन्यात मी इतक्यांदा ऐकलं होतं की समोरच्याने तोंड उघडलं की मीच ते मनात पुरं करत असे.

बन्सीधरला मंगलाष्टकं म्हणायचा नाद. आवाज खडा, मान म्हणून टोपी-उपरणंसुद्धा घ्यायचा नाही. शेवटचं कडवं तो स्वतः रचायचा आणि त्यात नवरा-नवरीची नावं गुंफायचा. त्या कडव्याशिवाय लग्न लागल्यासारखं आमच्याकडे कुणाला वाटतच नसे. मार्गशीर्षात त्याने एकाच दिवशी दोन लग्नं धरली. दुपारी पेडगावला राजेश्रीचं आणि संध्याकाळी इथे लिंबाजीच्या पोरीचं, बबिताचं. चाल तीच, घसा बसलेला, डोकं शिणलेलं. शेवटच्या कडव्यात हरिओम नवरदेवाच्या शेजारी त्याने बबिताऐवजी राजेश्रीला उभं केलं. मांडव हसला, भटजींनी नाव दुरुस्त केलं, अंतरपाट निघाला, लोक जेवायला बसले. पूर्वीचे दिवस असते तर गोष्ट तिथेच मिटली असती.

पण तेवढ्याच कडव्याचा व्हिडिओ निघाला, वर ‘नवरदेव एक, नवऱ्या दोन’ असं लिहिलं गेलं आणि सकाळपर्यंत तो जिंतूरला पोचला. सुरुवातीला बन्सीधरही हसला. मिस्त्रीच्या चुकीत लोकांना फार दिवस गोडी राहिली नाही, मग ते पोरीकडे वळले. बबिता परभणीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा होईपर्यंत तिने माहेरी राहायचं ठरलं होतं. एसटीत पोरं तिला ‘राजेश्री’ म्हणून हाका मारायला लागली. मग कुणीतरी तिच्या फोटोचं खोटं खातं उघडलं आणि त्यावर असं काही लिहिलं की लिंबाजीला ते वाचून दाखवायला कुणी धजेना. पोलिसांत तक्रार दिली. खातं बंद झालं, आठवड्याने दुसरं उघडलं. बबिताने कॉलेजला जाणं सोडलं.

लिंबाजी दुकानात आला तो भांडायला नाही. “तुमचा दोष न्हाई मिस्त्री. पर पोरगी धड जेवायली न्हाई. परीक्षा बुडली तर वरीस गेलं तिचं,” एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून बन्सीधरचा नियम सुरू झाला. आधी मोबाईल दाखवून व्हिडिओ पुसायचा, मग मोटार. विजेचा दाब कधी वर कधी खाली, त्यामुळे मोटारी जळतच होत्या. मला वाटायचं असले उद्योग पोरांचे. व्हिडिओ सापडलेले निम्म्याहून जास्त फोन केस पिकलेल्यांचे निघाले. दिवसभर माळ ओढणाऱ्या सरजाबाईने तर भाच्याला तो पाठवताना खाली हसणारी तोंडं जोडली होती.

“येलदरी धरणातनं तांब्यानं पानी उपसायलास तू,” मी एकदा म्हणालो.

“मग काय करू, सांग.”

पण पुढे एक झालं. चार लोकांत मान खाली घालावी लागलेला बाप घरी जाऊन पोराच्या फोनवर तुटून पडायचा. गहू वाळण्याची भीती भल्याभल्यांना शहाणं करते. एसटीतल्या हाका कमी होत गेल्या.

किशनरावांनीही व्हिडिओ पुसला आणि पंधरा दिवस माझ्याकडे चहा प्यायले नाहीत.

एका सोमवारी सकाळी बबिता कॉलेजच्या गणवेशात दुकानासमोर उभी राहिली.

“काका, मी आजपास्नं जायलेय.”

“तरास दिला कुनी तर?”

“देतील की. मी कंडक्टरच्या शेजारी बसते. दीड महिनाच राहिलाय परीक्षेला.” ती निघता निघता वळली. “काका, पहिल्यांदा कुनी टाकला ते कळलं का वो?”

माझ्या हातातली किटली तशीच राहिली. बन्सीधरने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“न्हाई कळलं बाई. जा, गाडी आली.”

ती गेली. लग्नाच्या संध्याकाळी बन्सीधरच्या उजव्या हाताला, अंतरपाटाला खेटून मी एकटाच मोबाईल धरून उभा होतो. व्हिडिओ कुठून काढलाय हे तो बघणाऱ्याला कळत होतं आणि बन्सीधरने तो माझ्याच हातात पन्नासदा पाहिला होता. वरची ओळही माझीच. रात्री मित्रांना पाठवताना मला ती फार झकास वाटली होती. लाज वाटून मी माझा फोन त्याच्यापुढे धरला.

“बन्सी, बघ माझा.”

“तुझी मोटार जळाली का?”

“न्हाई.”

“मग कशाला दाखवायलास?” म्हणत तो तांब्याच्या तारेकडे वळला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी दिलेला चहा तो नेहमीसारखा प्याला.

बबिता पास झाली, आता परभणीच्या एका दवाखान्यात आहे. बन्सीधरने मात्र मंगलाष्टकं सोडली. विचारलं की आवाज बसला म्हणतो. गेल्या वैशाखात माझ्या पुतणीचं लग्न होतं. मी तीनदा त्याच्या घरी गेलो. “लग्नाला येतो की,” एवढंच तो म्हणाला.

मंगलाष्टकं स्पीकरवर लावावी लागली. त्यात कुणाचंच नाव नव्हतं. बन्सीधर मांडवात सगळ्यांच्या मागे उभा होता आणि प्रत्येक ‘सावधान’ला बाकीच्यांसारख्याच अक्षता टाकत होता.