खंडेनवमीला उचललेली बकेट

मित्रांनो, नांदेडहून भोकरकडे जाताना डाव्या हाताला सिमेंटच्या दोन उंच पांढऱ्या टाक्या दिसतात. तो आमचा काँक्रीटचा प्लांट. तिथे खडीच्या ढिगाशेजारी रंग उडालेला एक पिवळा लोडर उभा असतो, तो मी. माझी चाकं माणसाच्या छातीइतकी उंच आहेत. पुढे लोखंडी बकेट आहे. तिच्या दोन खेपांत ट्रॅक्टरची ट्रॉली भरते. माझ्यामुळे एका माणसाचा जीव गेला. ज्याने मला सगळ्यांत जास्त जपलं, त्याच माणसाचा. इथे माझ्याविषयी बरंच काही बोललं जातं, म्हणून जे झालं ते मीच सरळ सांगतो.

माझा जन्म दूरच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. ट्रेलरवर साखळदंडांनी बांधून मला इथे आणलं, तेव्हा माझा रंग हळदीसारखा होता. काम पहिल्या दिवसापासून एकच. ढिगातून खडी नाहीतर क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, उचलायची, चढावरून वर जायचं, हॉपरमध्ये, म्हणजे प्लांटच्या मोठ्या नरसाळ्यात, ओतायची आणि मागे यायचं. दिवसाला दोन-दोनशे खेपा. लातूरच्या एका शाळेचा स्लॅब, बिलोलीकडच्या एका पुलाचे खांब, कितीतरी घरांचे पाये माझ्या बकेटीतून गेले. पुलावरून जाणाऱ्याला लोडर आठवत नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही.

मला चालवायचे किशनभाऊ. भोकर तालुक्यातल्या एका खेड्यातले. आधी ट्रॅक्टर चालवत, मग इथे आले आणि अकरा वर्षं माझ्यावर बसले. सकाळी आले की डबा खिळ्याला टांगायचे आणि थेट केबिनमध्ये न चढता माझ्याभोवती एक फेरी मारायचे. टायरच्या खाचेत अडकलेली खडी पेचकसाने काढायची. पिनांना ग्रीस आहे का बघायचं. पायरीवरचा चिखल खरवडायचा, कारण चिखलावरून पाय घसरतो. आरसे पुसायचे. मग खाली वाकून जमीन बघायची. तेलाचा एक थेंब जरी पडलेला दिसला, तरी तो कुठून आला ते सापडेपर्यंत ते हलत नसत. तेलाच्या पाइपावरून हात मात्र कधी फिरवत नसत. दाबाखालचं तेल कातडीत सुईसारखं घुसतं, म्हणून हातात पुठ्ठ्याचा तुकडा असायचा. सगळं बघून झालं की वहीत लिहायचे. अक्षर तिरकं, पण एकही दिवस कोरा नाही.

प्लांटवर झाडलोट करणाऱ्या नागाबाईंना याची मोठी गंमत वाटायची.

"किशनभाऊ," त्या झाडू थांबवून म्हणायच्या, "बाया वडाला वर्षातून एकदाच फेऱ्या मारत्यात. तुमचं रोजच चालून राहिलंय!"

"वड एका जागी उभा राहतो, माय. हे चालतंय."

"मंग बायकोला बी मारा की एखादी फेरी."

"तिला सात मारल्या न्हवं! त्या बी जल्माला पुरल्या."

त्यांचे नियमही ठरलेले होते. चालताना बकेट गुडघ्याच्या वर नको. ढीग खालून पोखरायचा नाही, वरची ओली वाळू अंगावर येते. मागे घेण्याआधी दोनदा हॉर्न. आणि उतरायचं असेल तर बकेट आधी जमिनीला टेकवायची, मगच केबिनचं दार उघडायचं. नवीन माणूस आला की त्याला सांगत, "माझी बकेट हवेत असली तर तू खाली नसावा. बास. बाकी मग तू चहा पी, बिडी वढ, माझं काही म्हणणं न्हाई."

एकदा माझा मागे येतानाचा हॉर्न बंद पडला. त्या दिवशी मोठा स्लॅब चालू होता आणि मिक्सर गाड्यांची रांग फाटकापर्यंत गेली होती. किशनभाऊंनी मला बंद केलं आणि खाली उतरले. प्लांटचे इंचार्ज ईश्वरप्पा धावतच आले.

"किशनभाऊ, स्लॅब अर्ध्यावर हाय! तिकडून फोनावर फोन येऊन राहिलेत!"

"हॉर्न मुका झालाय, साहेब."

"अहो, अर्धा तास चालवा तसंच. मागं कोण येतंय मरायला?"

"तेच मला बसल्या जागी दिसत न्हाई. म्हणून तर हॉर्न हाय."

तार जोडायला वीस मिनिटं लागली. ईश्वरप्पा संध्याकाळपर्यंत धुसफुसत राहिले. पण महिनाअखेर मालक आले, तेव्हा त्यांनीच सांगितलं, "आपल्या लोडरनं इतक्या वर्षांत कुणाच्या केसाला धक्का लावला न्हाई." मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

आता खंडेनवमीचं सांगतो. ज्याच्यावर पोट चालतं, त्या अवजाराची त्या दिवशी पूजा होते. त्याला त्या दिवशी कामाला जुंपत नाहीत. विळा, नांगर, शिलाई मशीन, ट्रक, सगळ्यांना विश्रांती.

माझी बकेट वर उचलली जाते ती तेलाच्या दाबावर. ते तेल रबरी पाइपांतून जातं. पाइप फुटला, तर एवढं लोखंड वर धरून ठेवणारं काहीच उरत नाही. सणाच्या आदल्या दिवशी दुपारी, माझ्या उजव्या पाइपाला सांध्यापाशी घाम फुटल्यासारखं तेल पाझरू लागलं. सकाळची फेरी तोपर्यंत होऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी किशनभाऊंना ते नक्की दिसलं असतं. खाली थेंब पडले असते. पण संध्याकाळी मला पूजेसाठी पंपाच्या फवाऱ्याने धुतलं आणि डिझेलचा बोळा फिरवून चकचकीत केलं. पाझरलेलं तेल पुसून गेलं. आमच्यासारख्यांना बोलता येत नाही. थेंब, डाग, कुरकुर, वास, एवढीच आमची भाषा. त्या संध्याकाळी माझं बोलणं धुऊन टाकलं गेलं, तेही कौतुकाने.

सकाळी नागाबाईंनी माझ्यापुढे मोठी रांगोळी काढली. किशनभाऊ अंघोळ करून, पांढरा सदरा घालून आले. त्यांनी मला झेंडूचे हार घातले, हळदकुंकू लावलं. नागाबाईंनी विचारलं, "आज फेरी न्हाई का?"

ते हसले. "आज मशिनीला सुट्टी, मला बी सुट्टी. आज काम न्हाई माय, पूजा हाय."

ईश्वरप्पा फोन घेऊन पुढे-मागे होत होते. त्यांना फोटो मनासारखा दिसेना.

"किशनभाऊ, बकेट जरा वर घ्या की. निजलेल्या रेड्यावानी दिसून राहिलंय. मालकाला पाठवायचाय."

"वर?"

"हाव, पुरी वर. हार कसा तोरणावानी लोंबंल."

किशनभाऊ केबिनमध्ये चढले. मला चालू करून क्षणभर बकेटच्या दांड्यावर हात तसाच ठेवून बसले. त्यांच्या मनात काय आलं असेल, ते मला कळलं नाही. मग त्यांनी बकेट वर घेतली, मला बंद केलं आणि खाली उतरले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ते बकेट हवेत ठेवून उतरले होते. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. हार खरंच तोरणासारखा दिसत होता. फोटो निघाले. सगळे आपापला फोन बघू लागले.

"नारळ राहिला की!" नागाबाई म्हणाल्या. फोडायचा दगड रांगोळीच्या मधोमध ठेवला होता, बरोबर बकेटीखाली. त्या नारळ घेऊन निघाल्याही होत्या.

किशनभाऊंनी तो त्यांच्या हातातून घेतला. "थांब माय. मशीन माझी हाय, मीच फोडतो."

ते खाली वाकले. आणि माझा पाइप गेला.

मित्रांनो, पुढचं मी सांगणार नाही. नारळ घरंगळत नागाबाईंच्या पायापाशी जाऊन थांबला. तो फुटला नव्हता.

पोलीस आले, पंचनामा झाला. मला ओढत कुंपणाकडे नेऊन ठेवलं. सात महिने मी तिथे उभा होतो. एक टायर बसला. केबिनमध्ये चिमण्यांनी घरटं केलं. माणसं लांबून बोट दाखवत. कुणी म्हणे, यंत्र पनवती आहे. कुणी म्हणे, पूजेत काहीतरी चुकलं, त्याने बळी घेतला. नागाबाई तर माझ्या बाजूची जमीन झाडतही नसत.

मग मला पुन्हा कामाला लावायचं ठरलं. त्याआधी ईश्वरप्पांनी माझ्यावरून उतारा टाकायला आणला. पत्रावळीवर दहीभात, गुलाल, कापलेली लिंबं. त्याच दुपारी किशनभाऊंची मुलगी सुकन्या वडिलांची प्लांटवर राहिलेली पेटी न्यायला आली होती. ती चाकूरच्या शाळेत शिकवते. लग्नाआधी ती कधीमधी डबा द्यायला यायची, आणि किशनभाऊ तिला ढिगापासून दहा पावलं लांब उभं करायचे. त्या दिवशी मात्र ती सरळ माझ्याजवळ आली. तिने फुटलेल्या पाइपाकडे पाहिलं. तो अजून तसाच लोंबत होता.

"काका, हे काय करताय?"

"ताई, उतारा टाकून राहिलो. पुन्यांदा कुणाला काही होऊ नये."

"पाइप कधी बदलणार?"

"बदलू की. आधी हे..." ईश्वरप्पा अडखळले. "नशिबाचा खेळ हाय ताई. देवमाणूस होते किशनभाऊ."

"पेटीतल्या आबांच्या वह्या मी आत्ताच चाळल्या," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "अकरा वर्षांत एकाही पानावर नशीब लिहिलेलं नाही. पिन, पाइप, ब्रेक, हॉर्न, तेवढंच आहे. आणि त्या तारखेला लिहिलंय, आज पूजा, सुट्टी."

ईश्वरप्पांनी पत्रावळ खाली ठेवली.

"बकेट वर घ्या, असं मीच म्हणलो होतो, ताई. पोलिसाला बी सांगितलं न्हाई मी ते. सात महिने झाले, धड जेवण न्हाई गेलं."

मला वाटलं, आता ती ओरडेल. ती ओरडली नाही.

"तुम्ही म्हणालात," ती म्हणाली. "आणि आबांनी घेतली. त्यांना नाही म्हणता येत होतं. हॉर्नच्या वेळी म्हणाले होते, मला घरी येऊन सांगितलं होतं. त्या दिवशी 'नाही' का म्हणाले नाहीत, हे मी रोज स्वतःला विचारते." मग ती पेटी उचलून म्हणाली, "पोलिसांना खरं काय ते सांगा, काका. आणि माणूस बोलावून दोन्ही पाइप बदला."

तिसऱ्या दिवशी दोन्ही पाइप बदलले. ईश्वरप्पा स्वतः शेजारी उभे होते. त्याच्या आदल्या दिवशी ते पोलीस ठाण्यात जाऊन आले होते. आता हनुमंत नावाचा ऑपरेटर मला चालवतो. तो चांगला आहे, बोलतो कमी. मी पुन्हा खडी उचलतो. पण बकेट वर गेली की अजूनही माझं सगळं लक्ष खालच्या मोकळ्या जमिनीवर असतं.

मित्रांनो, तुमच्या घरी, शेतात, कामावर माझे पुष्कळ भाऊबंद असतील. कडबा कापणारं यंत्र, पाण्याची मोटर, ट्रॅक्टर. त्यांची पूजा जरूर करा, आम्हालाही ते गोड वाटतं. पण कुंकू लावण्याआधी तेल बघा, पाइप बघा, जे उचललेलं असेल ते खाली टेकवा. सणाच्या दिवशी आमचं वजन कमी होत नाही. मला पनवती म्हणू नका, देवही म्हणू नका. मी लोखंड आहे, रबर आहे, तेल आहे.

किशनभाऊंनी अकरा वर्षं मला रोज यंत्र मानलं. एकच दिवस देव मानलं.