घागरींची रांग

जगदेवीनं शेवटच्या घागरीवरही खडूनं ‘मी’ लिहिलं आणि हात पदराला पुसले. शाळेच्या हॉलमध्ये गल्लीतल्या रिकाम्या घागरी ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीवर तेवढंच एक अक्षर. लातूर जिल्हा झाला खरा, पण नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. नळ कोरडेच, टँकर येईल तेव्हा खरा. बायका पहाटे घागर रांगेत ठेवून कामाला जात. घागर उभी म्हणजे माणूस उभं. ड्रॉइंग शिकवणाऱ्या जगदेवीला प्रदर्शनाचा विषय तिथंच सापडला होता.

आज टँकरचा खाडा, म्हणून घागरी मागून मिळाल्या. सर्वांत पुढे शेजारच्या केवळाबाईची. सर्वांत मागे, हातभर अंतर सोडून, तिच्या स्वतःच्या आईची, चांगुणाची. ते अंतर जगदेवीनंच सोडलं होतं. आडावर आईसारख्या बौद्ध बायकांनी बाजूला थांबायचं, ही जुनी रीत. टँकरनं आत्ता कुठं सगळ्यांना एका रांगेत आणलं होतं. केवळाबाई बिघडली तर उद्या आईला त्या रांगेत कोण उभं करणार?

आणि दुपारी केवळाबाईच दारात हजर.

“समद्यांवर ‘मी’च का लिवलीस गं?”

पाहुण्यांसाठी पाठ केलेलं सगळं जगदेवी विसरली. ‘मी’ म्हणजे तहान, ‘मी’ म्हणजे मिजास, काय काय ठरवलं होतं.

“रांगेत सगळे मी आधी, मी आधीच करतात ना, मावशी.”

“हाव, खरं हाय.”

केवळाबाई ओळीच्या कडेनं चालत गेली आणि शेवटच्या घागरीपाशी थांबली.

“ही चांगुणाची?”

“हाव.”

ती परत आली, आपली घागर उचलून कंबरेवर घेतली. जगदेवीला वाटलं, गेली घागर, आता गल्लीभर बोभाटा.

पण केवळाबाई दाराकडे वळलीच नाही. तिनं पुन्हा मागे जाऊन चांगुणाची घागर पुढच्या घागरीला भिडवली आणि आपली तिच्या मागे, काठाला काठ लावून ठेवली.

“काल तुझी माय माझ्या आधी आल्ती. माझी पुढं ठिवलीस, त लोक म्हनतील केवळाबाई घुसली. आन् मधी जागा सोडू नाही बाई, कुनीबी शिरतंय.”

जगदेवीचा जीव भांड्यात पडला. हसावं की रडावं, तिला कळेना.

केवळाबाई चपला घालताना म्हणाली, “उद्या मला उशीर हुईल. चांगुणाला म्हन, टँकर आला त माझीबी घागर भरून घे.”

“सांगते, मावशी,” जगदेवी म्हणाली.