सव्वीस किलोंची शिडी

आमच्याकडे घरचा माणूस दूर गेला की संध्याकाळी त्याचंही ताट वाढतात. भात, लोणचं, सूप. सूपाच्या वाटीवर लाकडी झाकण. थोड्या वेळानं झाकण उचलून पाहायचं. आतून थेंब जमले असतील तर माणूस सुखरूप.

मी गोदीत जहाजांचे नकाशे काढणारा माणूस. गरम सूपावर झाकण ठेवलं की थेंब जमणारच, हे मला कळत होतं. पण माझी धाकटी बहीण मित्सुए रोज ज्या चेहऱ्यानं ते झाकण उचलायची, त्या चेहऱ्यापुढे माझ्या शहाणपणाला काडीची किंमत नव्हती.

ते ताट तिच्या नवऱ्याचं, इसाकूचं. तो ‘उसुशिमो’ नावाच्या विनाशिकेवर बॉयलर सांभाळायचा. उसुशिमो म्हणजे पातळ दहिवर. आरमाराला जहाजांना अशी नाजूक नावं ठेवायची हौस फार, आणि मग त्यांच्यावर तोफा इतक्या चढवायच्या की जहाज पाण्यात धड उभं राहू नये. पस्तीस सालच्या वादळात दोन विनाशिकांची नाकं मोडून गेली, तेव्हा कुठे वरच्यांचे डोळे उघडले. सांगाड्याचे पत्रे जाड करा म्हणाले. तोफ मात्र एकही कमी करायची नाही. मग वाढलेलं वजन काढायचं कुठून? आमच्या नकाशांतून.

आमचे मुख्य आरेखक हाझामासाहेब रोज सकाळी टेबलांमधून फिरायचे. “नेझु, आज किती किलो?” माझ्यापाशी आले की एवढंच विचारायचे. आम्हीही ईर्ष्येला पेटलो होतो. कुणी दारांच्या कड्या बारीक केल्या, कुणी खलाशांच्या पेट्यांची झाकणं काढली. माझ्याकडे बॉयलरची खोली होती. तिच्यात वर यायला दोन शिड्या होत्या, एक पुढे आणि एक मागच्या भिंतीला. दोन कशाला? मी मागची खोडली. सव्वीस किलो. हाझामासाहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी घरी शीळ घालत गेलो.

इसाकूची नेमणूक त्याच जहाजावर झाली तेव्हा पहिल्याच सुट्टीत त्यानं मला घेरलं.

“दादा, मागची शिडी कुठे गेली? खाल्लीत की काय?”

“वजन कमी करायचं होतं.”

“मग माझं करायचं! बॉयलरपाशी आम्ही सात जण आणि वाट एकच. हातात टॉवेल घेऊन रांगेत उभं राहायचं काय, न्हाणीघरासारखं?”

“तू आधी हे पोट उतरव,” मी म्हणालो, “मग बसवून देतो शिडी.”

मित्सुए इतकी हसली की तिच्या हातातली किटली हिंदकळली. इसाकूही हसला. तो फार लवकर हसायचा.

पुढे युद्ध पेटलं. टॉर्पेडो सोडण्यासाठी घासूनपुसून आखलेली आमची विनाशिका दक्षिणेकडच्या बेटांवर तांदळाची पिंपं आणि उपाशी शिपाई वाहू लागली. इसाकूची पत्रं आधी महिन्याला यायची, मग तीन महिन्यांनी. त्रेचाळीसच्या शरद ऋतूनंतर आलीच नाहीत. त्याच सुमारास उसुशिमोसाठी राखलेली दुरुस्तीची जागा दुसऱ्या जहाजाला दिली गेली. मी कुणाला काही विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती.

चव्वेचाळीसच्या वसंतात गोदीच्या फाटकावर ओगुमा नावाचा नवा पहारेकरी आला. त्याच्या दोन्ही हातांची कातडी भाजून आक्रसलेली होती. मी नकाशेघरातला आहे म्हटल्यावर त्यानं मला जेवणाच्या सुट्टीत गाठलं.

“तुम्ही उसुशिमोवर काम केलंत ना? मी होतो तिच्यावर. बोलायला बंदी आहे. पण एक विचारू?”

“विचार.”

“गोळा लागला तेव्हा मी पुढच्या शिडीनं वर आलो. माझ्यामागे शिडी तुटली. वरून वाकून पाहिलं तर वाफेत सगळे मागच्या भिंतीवर हात फिरवत होते. सगळे जुन्या जहाजांवरून आलेले. तिथे शिडी असते, हे हातांना पाठ होतं. मग तिथे शिडी का नव्हती हो?”

मी म्हणालो, “मला ठाऊक नाही.”

त्यांत इसाकू होता का, हे मी विचारलं. होता.

घरी गेलो तर ताट वाढलेलं होतं. मित्सुएनं झाकण उचललं आणि म्हणाली, “बघ दादा, केवढे थेंब! आज खुशीत दिसतोय.” बंदी होती, जहाज बुडाल्याचं घरच्यांना सांगणाऱ्याला तुरुंग होता, हे सगळं खरं. पण बंदी नसती तरी मी बोललो नसतो. मी भित्रा होतो.

त्या हिवाळ्यात कोळसा संपला. एका संध्याकाळी सूप कोमटच राहिलं आणि झाकण कोरडं निघालं. मित्सुएचा चेहरा पांढराफटक पडला. जेवली नाही, झाकण पुन्हा पुन्हा उलटून बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून मी गोदीतल्या लाकडाच्या ढलप्या डब्याच्या फडक्यात बांधून आणू लागलो. रोज सूपाला उकळी आणायची, रोज थेंब जमायचे. मेलेल्या माणसाला मी असं पुढचे आठ-नऊ महिने जिवंत ठेवलं.

मग पंचेचाळीसच्या ऑगस्टमध्ये शरणागती झाली आणि सगळे नकाशे जाळायचा हुकूम आला. अंगणात तीन दिवस ढीग पेटत होता. उसुशिमोच्या बॉयलरखोलीचा मूळ कागद मला त्या ढिगात टाकवेना. तो माझ्या हातांनी जाळायचा म्हणून मी सदऱ्याखाली लपवून घरी आणला.

मित्सुए चूल पेटवत होती. तिनं गुंडाळी पाहिली.

“वा, जाड कागद आहे! दे इकडे, आज सूप झटक्यात होईल.”

फाडायला म्हणून तिनं तो जमिनीवर पसरला आणि थबकली. बॉयलरवाल्याची बायको ती. गोल आकार लगेच ओळखले. “ही इसाकूची खोली ना?” म्हणत तिनं त्यावरून बोट फिरवलं. कितीही खोडलं तरी दाबून ओढलेल्या पेन्सिलीचा चर कागदात राहतो. तिचं बोट मागच्या भिंतीवर थांबलं.

“दादा, हे काय होतं इथे?”

मी सगळं सांगितलं. ओगुमाचं, वाफेतल्या हातांचं, शीळ घालत घरी आल्याचं, ढलप्यांचं. सांगताना मी रडलो, ती रडली नाही. मी संपल्यावर तिनं विचारलं, “वजन किती होतं शिडीचं?”

“सव्वीस किलो.”

दारात तिची नऊ वर्षांची मुलगी चिझु पायातल्या खडावा काढत होती. मित्सुए तिच्याकडे बघत राहिली.

“म्हणजे आपल्या चिझुएवढी,” ती म्हणाली.

मग तिनं कागदाचे नीट चार तुकडे केले आणि एकेक करून चुलीत घातले. सूपाला उकळी आली. तिनं आमची तीन ताटं वाढली आणि चौथं इसाकूचं. वाटी भरली, पण झाकण फडताळातच राहू दिलं. उघड्या सूपाची वाफ वर जाऊ लागली.

“आई,” चिझु म्हणाली, “बाबांच्या वाटीवर झाकण राहिलं.”

“राहू दे,” मित्सुए म्हणाली. “निवू दे त्याला.”

ते निवेपर्यंत आम्ही तिघं हात न लावता बसून राहिलो.