सगळ्यांना मिळून एक संच

पुस्तकवाली बाई आमच्या शेंडेफळाला "तेजस्वी" म्हणाली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. शेंडेफळ त्या वेळी टेबलाखाली बसून चिकटपट्टी चाटत होती. सहा वर्षांची पोर, गुणी आहे, पण तेजस्वी म्हणावं असं त्या घटकेला तिच्या हातून काही घडत नव्हतं. मग बाईनं मधल्यालाही तोच शब्द दिला आणि थोरलीलाही तोच. पिशवीतून एकेक गोळी काढून वाटावी तसा.

माझा मुलगा क्रेन चालवतो. जिथं मोठी इमारत उभी राहायची असते तिथं आमचं बिऱ्हाड जातं, ती उभी राहिली की आम्ही उठतो. पोरांच्या शाळा अशाच सुटत गेल्या. वर्षाच्या मध्ये नाव काढायचं, वर्षाच्या मध्येच दुसरीकडे घालायचं. शेवटी सूनबाई म्हणाली, आता घरीच शिकवू. माझी ना नव्हती. पण शिकवायचं कशावरून, ते ठरेना. त्यासाठी ही बाई दोन तऱ्हेची पुस्तकं नमुन्याला घेऊन आली होती, आठवडाभर वापरून बघा म्हणून.

एक तऱ्हा साधी. ज्याचं वय तसं त्याचं पुस्तक, प्रत्येकाचं गणित वेगळं, भाषा वेगळी, आणि रोज संध्याकाळी आईनं सगळं तपासायचं. दुसरी तऱ्हा म्हणजे सगळ्यांना मिळून एक संच. विषय एकच, समजा नदी. धाकटीनं नदीचं चित्र काढायचं, मधल्यानं नद्यांची नावं लिहायची, थोरलीनं निबंध.

"आणि गणित?" मी विचारलं.

"गणित त्यातच येतं, आजी. आपसूक."

"कुठं येतं? दाखवा."

बाईनं पानं उलटली. एका पानावर पाच होड्या होत्या, त्यातल्या दोन बुडाल्या होत्या.

"हे शेंडेफळाचं झालं," मी म्हटलं. "तेरा वर्षांच्या पोरीनं काय मोजायचं?"

"मोठं मूल लहानांना शिकवतं ना, त्यातून त्याचं आपोआप पक्कं होतं. हीच तर आमच्या संचाची खुबी आहे."

मी सूनबाईकडे बघितलं. तिची नजर संचावर खिळली होती. सूनबाई घरी पडदे शिवते, मशीन दिवसभर चालू. तिला काय हवं असेल ते मला न सांगता कळलं. पोरांना थोरली सांभाळेल, शिकवेल, आणि हिचे पडदे वेळेवर जातील.

मीही माझ्या घरात थोरलीच होते. तिसरीतून मला घरी बसवलं ते पाठच्या भावंडांना बघायला, आणि त्यांतला एक पुढं वकील झाला. मी अजून कागद समोर आला की चष्मा सापडत नाही म्हणते. ह्या घरात तसं होऊ द्यायचं नाही, एवढं माझं ठरलेलं होतं. म्हणून बाई गेल्यावर मी आडपडदा ठेवला नाही.

"सूनबाई, तुला घरातल्या घरात मास्तरीण हवीय. तेरा वर्षांची."

मशीन थांबलं. "आई, मी माझ्या मुलीच्या मुळावर उठलेय असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी तसं म्हटलं नाही. तू म्हणालीस."

"तो संच मी मागितलेला नाही. थोरलीनंच मागितलाय. मला तर वेगवेगळी पुस्तकं बरी वाटत होती. पण ती म्हणाली, आई, तुझा वेळ वाचेल, मी शिकवीन दोघांना."

संध्याकाळी मुलगा घरी आला, त्याच्या कानावर दोघींनी आपापलं घातलं. तो हात धूत म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवा, मी उद्या साठ फुटांवर असणार आहे, तिथं मला काही ऐकू येत नाही."

पण सूनबाईचं ते उत्तर माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. तेरा वर्षांची पोरगी आपणहून भावंडं अंगावर घेते? मी घेतली होती ती पाठीत धपाटे खाऊन. सूनबाई तिला पढवत असणार, किंवा पोरीला आईकडून काही हवं असणार. मी माझी मोज्यांची टोपली घेतली आणि पोरांच्या खोलीत रफू करत बसले. मोजे फाटकेच होते, पण एवढे नव्हते.

थोरली शिकवायची मात्र छान. खडू कानामागे, हातात पट्टी. चुकलं की ओरडायची नाही, म्हणायची, "पुन्हा बघ बरं." मधल्याला एरवी दोन मिनिटं एका जागी बसवत नाही, तो हिच्यासमोर बसायचा. बाईनं नमुन्याबरोबर तिघांच्या चाचण्या दिल्या होत्या, कोण कुठल्या पातळीवर आहे ते बघायला. तिघंही आपल्या वयाच्या पुढे निघाले होते. थोरली तर सर्वांत पुढे. ज्या घरात मधल्याला रोज आपली चप्पल सापडत नाही त्या घरात तिघं पुढे, म्हणजे चाचणीतच काहीतरी खोट. गिऱ्हाईक खूश करायचा धंदा, असं मी धरून चालले होते.

तिसऱ्या दिवशी सूनबाईनं उरलेलं कापड माझ्यापुढे टाकलं. साडेचार मीटर होतं. मागच्या खिडक्यांना पाऊण पाऊण मीटरचे तुकडे लागणार होते.

"किती निघतील ग ह्यातून?" मी थोरलीला विचारलं.

"मधल्या, तू सांग," ती लगेच म्हणाली. "तुझा सराव होईल."

मधल्यानं जमिनीवर बोटानं रेघा ओढल्या, जीभ बाहेर काढली, आणि म्हणाला, "पाच."

"शाब्बास," थोरली म्हणाली.

मी सुई तशीच धरून मनात म्हटलं: पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार. सहा. मला वाटलं, तिचं लक्ष नसेल. पण शाब्बास म्हणायच्या आधी ती माझ्याकडे बघत होती. मी मान हलवते का, ते बघत होती.

ते बघणं माझ्या ओळखीचं आहे. बँकेत, दवाखान्यात, मी समोरच्या माणसाच्या तोंडाकडे तसंच बघते. त्याच्या चेहऱ्यावर उत्तर आलं की मग म्हणते, हो, तेच म्हणणार होते मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूनबाई पडदे पोचवायला गेली. मधला आणि शेंडेफळ जिन्यात खेळत होते. थोरली खोलीत वह्या रचत होती. मी कापड घेऊन तिच्याजवळ बसले.

"अडीच मीटरमधून पाऊण कापलं, तर उरलं किती?"

"आजी, तूच सांग बरं. आज तुझी परीक्षा."

"माझी परीक्षा नंतर. मी विचारलंय."

"मला वह्या लावायच्यात."

"लाव. लावता लावता सांग."

तिनं वही उघडली, मिटली. मग हसली, पण ते हसू काही टिकलं नाही. "दीड?"

"चाचण्या तपासल्या कोणी?"

तिनं वह्यांची चळत सरळ केली.

"आईनं?"

"आईला वेळ नव्हता. उत्तरांचं पान माझ्याकडेच दिलं तिनं. म्हणाली, तिघांचे पेपर तूच तपासून टाक."

"तिघांचे. म्हणजे तुझाही."

मग ती बोलायला लागली ती खाली बघूनच. एका शाळेत अपूर्णांक पुढच्या सत्रात होते, तेवढ्यात आम्ही गाव सोडलं. पुढच्या शाळेत गेली तर तिथं ते मागच्या सत्रात होऊन गेलेले. बाईंनी फळ्यावर काहीतरी लिहिलं, सगळ्या वर्गानं वहीत उतरवलं, हिनंही उतरवलं. त्यानंतर जे जे आलं ते त्यावरच बांधलेलं होतं. दोन वर्षं ती शेजारच्या मुलीच्या वहीत बघत आली होती.

"आणि म्हणून तुला तो सगळ्यांचा संच हवाय."

"त्यात मला कोणी काही विचारणार नाही," ती म्हणाली. "शिकवणाऱ्याला कोण विचारतं?"

सुनेवर आणि त्या पुस्तकवालीवर संशय घेत मी चार दिवस मोजे रफू केले, आणि चोर माझ्याच मांडीला मांडी लावून बसला होता. राग यायला हवा होता. आला नाही.

"आईला सांगू नकोस, आजी. ती म्हणेल, पाचवीचं पुस्तक आणू. मग मी मधल्याशेजारी पाचवीचं घेऊन बसू? तो चौथीत आहे. तो जन्मभर चिडवेल."

"सांगणार नाही. पण तो संच ह्या घरात येणार नाही."

"मग मी काय करू?"

मी कापडाची घडी घातली. म्हटलं, तोंड धुऊन ये.

शनिवारी पुस्तकवाली आली. टेबलावर चहा, समोर सूनबाई, पोरं भिंतीला लागून. सूनबाई म्हणाली, "आमचं ठरलंय, तो एकत्रवाला—"

"वेगवेगळे," मी म्हटलं.

"आई, काल आपलं बोलणं झालंय."

"काल तुझं झालं होतं. वेगवेगळे द्या, बाई. चौथीचं मधल्याला, पहिलीचं धाकटीला, थोरलीला तिच्या वयाचं. आणि गणिताचं पाचवीचं एक जादा."

"ते कोणासाठी?" बाईनं विचारलं.

मला वाटलं होतं हे सोपं जाईल. वाक्य सकाळपासून घोळून ठेवलं होतं. पण परक्या बाईसमोर, सुनेसमोर, नातवंडांसमोर ते तोंडातून काढायला मला चहाचा घोट घ्यावा लागला. पन्नास वर्षं मी कोणाला कळू दिलेलं नाही.

"माझ्यासाठी," मी म्हटलं. "मला लिहून करायचं गणित येत नाही. तोंडी येतं. कागदावर येत नाही."

मधला फिसकन हसला. "आजी पाचवीत? माझ्यापुढं एकच वर्ष?"

"तुझ्यापुढंच आहे ना? मग गप्प बस."

"आजी, ह्या वयात कशाला त्रास?" बाई म्हणाली. ती गोंधळली होती. तिच्याकडे ह्यावर शब्द नव्हता.

सूनबाई मात्र गोंधळली नव्हती. तिनं माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे, जिथं थोरली उभी होती आणि तिचे कान लाल झाले होते. सूनबाईला मी खूप नावं ठेवली असतील, पण ती आंधळी आहे असं कधी म्हटलेलं नाही.

"आणि तुम्हाला शिकवणार कोण?" तिनं सावकाश विचारलं.

"थोरली. रोज दुपारी, दार लावून. मला दहा तोंडं बघत असली की सुधरत नाही."

"बरं." तिनं कप बशीत ठेवला. "आणि तपासणार मी. सगळ्यांचं. तुमचंही."

"पडद्यांचं काय?"

"पडदे थांबतील, आई."

सोमवारपासून आम्ही बसलो. पुस्तक मध्ये, एक वही तिची, एक माझी. दोघींनी एकच उदाहरण करायचं आणि मग बघायचं. वर तीन खाली चार, अधिक, वर एक खाली दोन. मी वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. चार आणि सहा. वही तिच्यापुढे सरकवली.

"आजी, तू मुद्दाम चुकतेस."

"कशावरून?"

"माझी कीव आली म्हणून. पाऊण आणि अर्धा किती होतात, तोंडी सांग."

"सव्वा."

"मग? तुला येतंय. आणि इथं तू वर चार खाली सहा लिहिलंस. ते एकसुद्धा भरत नाही. पाऊणात अर्धा घातल्यावर कमी कसं होईल? घातलंय ना आपण, काढलं थोडंच—"

ती थांबली. आपली वही जवळ ओढून बघत राहिली. मग खोडरबर घेतला आणि जोरानं खोडायला लागली. खालचा सहा जाईपर्यंत कागद पातळ झाला.

खोडून झाल्यावर तिनं मान वर केली आणि माझ्याकडे रोखून बघितलं. "तुला माझं दिसलं होतं. म्हणून तू तसंच लिहिलंस."

मी चष्मा पुसला. मला काहीही दिसलं नव्हतं. मी माझ्या अकलेनं चुकले होते, आणि सव्वा कागदावर कसा लिहायचा हे मला अजून कळलेलं नव्हतं.

"पुढचं कर," मी म्हटलं. "आणि ह्या खेपेला मला समजेल असं सांग."