गुरुजींनी वाचलेला रिपोर्ट

रोहिदास गुरुजींकडे कागद घेऊन आलेला माणूस कधी तसाच परत गेला नाही. सूर्यमाळच्या शाळेत त्यांची बावीस वर्षं गेली. आसपासच्या पाड्यांवर कुणाला कोर्टाची नोटीस आली, प्रकल्प कार्यालयाचं पत्र आलं, दवाखान्याची चिठ्ठी मिळाली, की ती आधी गुरुजींच्या हातात पडायची. ते चष्मा लावायचे, एकदा मनात वाचायचे आणि मग अर्थ सांगायचे. 'मला कळत नाही' हे शब्द त्यांच्या मुलीने, निशाने, त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. लहानपणी तिला त्याचा अभिमान वाटायचा.

आई गेली, त्याच्या सोळाव्या दिवशी निशाने जव्हारच्या घरातली आईची ट्रंक उघडली. वर चार पातळं होती, त्यांखाली प्लास्टिकच्या पिशवीत दोनच वस्तू. नाशिकच्या एका लॅबचा रक्ताचा रिपोर्ट, इंग्रजीत, १९९४ सालचा. आणि शिक्षकांच्या शिबिरात वाटलेली गुप्तरोगांची मराठी पुस्तिका. पुस्तिकेतल्या एका ओळीखाली लाल रेघ होती. वह्या तपासायच्या शाईची.

'हर्पीज : शरीरसंबंधातून पसरणारा, पूर्ण बरा न होणारा आजार.'

निशा फरशीवर बसूनच राहिली. चौऱ्याण्णव साली ती बारा वर्षांची होती. त्या वर्षी आईचं मूल पोटातच गेलं होतं, दुसऱ्यांदा. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं, एवढं तिला आठवत होतं. आणि त्याच वर्षी आईचा पेला वेगळा झाला होता. बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावलेला स्टीलचा पेला. मग ताट वेगळं, टॉवेल वेगळा. बाबांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत. एकदा शाळेतून धावत येऊन निशाने तहानेपायी तो पेला तोंडाला लावला, तर आईने तो इतक्या जोरात हिसकावला की दातावर आपटला. त्यानंतर आईने तिचा मुका कधी घेतला नाही. आपलं काहीतरी आईला आवडेनासं झालंय, अशी निशाची समजूत झाली आणि ती तशीच मोठी झाली. नाशिकला कॉलेजात शिकवायला लागली, शेकडो पुस्तकं वाचली, तरी ती समजूत गेली नाही.

दुसऱ्या दिवशी ती नौशीनकडे गेली. दोघी एका बाकावर बसून शिकलेल्या. नौशीनच्या वडिलांचं बाजारात बांगड्यांचं दुकान होतं आणि आता वरच्या माडीवर नौशीनचा दवाखाना.

"ये बाई. गणितात माझी वही बघायचीस, आता काय बघायला आलीस?" नौशीन म्हणाली आणि निशाचा चेहरा पाहून समोर येऊन बसली. तिने रिपोर्ट घेतला.

"हर्पीज. आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह. बरं, मग?"

"मग म्हणजे?"

"म्हणजे हा विषाणू कधीतरी शरीरात शिरलेला आहे. आयजीजी ही त्याची जुनी खूण. आयजीएम नाही, म्हणजे लागण ताजी दिसत नाही. बस, एवढंच."

"कुणाकडून आला?"

"ते कागद कसं सांगेल? हर्पीजचे दोन प्रकार असतात. ही जुनी तपासणी त्यांतला फरकसुद्धा ओळखत नाही. तापानंतर ओठावर जर उततो ना, बारीक पाणीदार फोडांचा, तोही हर्पीजच. लहानपणी कुणी मुका घेतो, उष्टा घास भरवतो, तेवढं पुरतं. खालच्या बाजारातल्या शंभर माणसांचं रक्त काढ, अर्ध्याहून जास्त लोकांचं असंच येईल. माझंही येईल."

"आणि ते मूल?"

"त्याचा दोष या कागदावरून कुणालाच देता येत नाही." नौशीनने रिपोर्टच्या तळाशी बोट ठेवलं. "हे वाच. लक्षणं पाहून डॉक्टरांनी अर्थ लावावा, असं लिहिलंय. डॉक्टरला परत दाखवला कसा नाही कुणी?"

"आमच्या घरात कागद बाबा वाचतात," निशा म्हणाली.

घरी बाबा ओसरीवर शाल पांघरून बसले होते. दिवसकार्य झाल्यापासून अंगात कसर होती आणि खालच्या ओठावर जर उतला होता. प्रत्येक तापात उतायचा. पूर्वी आई करंगळीने त्यावर तूप लावायची. नंतर नंतर वाटी नुसती पुढे ठेवून आत जायची.

निशाने रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो चष्म्याविनाच ओळखला.

"हा कुठे मिळाला?"

"आईच्या ट्रंकेत."

"जाळायला सांगितला होता मी."

"तिने जपून ठेवला. बाबा, तुम्ही तिला काय विचारलं होतं तेव्हा?"



"कोण, एवढंच विचारलं. मी सहा दिवस सूर्यमाळला, ती इथे एकटी. एकदाच विचारलं. हात उचलला नाही, माहेरी धाडलं नाही. चार माणसांत कधी शब्द काढला नाही."

"आणि ती?"

"म्हणाली, डॉक्टरकडे जाऊन विचारू." त्यांनी शाल ओढून घेतली. "मी म्हटलं, मला वाचता येतं."

निशाने त्यांना सगळं सांगितलं. आवाज न चढवता, वर्गात सांगावं तसं एकेक. ताप, ओठ, उष्टा घास, शंभर माणसं. "तुमच्या ओठावर आत्ता आहे ते तेच आहे, बाबा."

त्यांचा हात ओठाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"म्हणजे माझ्याकडून?"

"ते कुणालाच कळणार नाही. तुम्ही विचारलंत ते 'कोण' या कागदात नाहीच."

त्यांनी चष्मा लावला. रिपोर्ट वाचला, पुन्हा वाचला. शेवटच्या ओळीखाली बोट धरून शाळेतल्या पोरासारखे पुटपुटत गेले. मग कागद मांडीवर ठेवला.

"तसलं काही नव्हतं, हे तिला माहीत होतं?"

"स्वतःचं वागणं तिला माहीतच होतं. पण रोग आहे, हे तुमचं वाचणं तिने खरं धरलं. मला लागेल म्हणून जाईपर्यंत चौदा वर्षं जवळ घेतलं नाही."

 शाल खांद्यावरून घसरली, ती त्यांनी सावरली नाही.

तेवढ्यात वांगणीचा जिव्या अंगणात आला. गुरुजींनी शिकवलेल्या पहिल्या तुकडीतला विद्यार्थी, आता केस पिकलेला.

"गुरुजी, सुनंचा दवाखान्याचा कागद हाय. काय लिवलाय बगा जरा. पोट दुखतंय तिचा."

गुरुजींनी सवयीने हात पुढे केला. कागद घेतला, डोळ्यांसमोर धरला. निशा त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांचे ओठ दोनदा हलले.

"मला कळत नाही, जिव्या."

जिव्या हसला. "थट्टा करता काय गुरुजी? तुमाला न कळं असा कागद अजून छापलाच नाय कुणी."

"नाही कळत," ते म्हणाले. कागदाची घडी घालून त्यांनी निशाच्या हातात दिली.  "याला नौशीनकडे घेऊन जा. आत्ताच जा. उद्यावर टाकू नको."

निशा चपला घालून निघाली. वळणापर्यंत जिव्या मागून चालत होता. मग म्हणाला, "गुरुजींना बरा नाय काय?"

"ताप आहे थोडा."

"तरीच ओठ उतलाय." तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. "सूर्यमाळला असताना पयल्या वर्षापासनं असाच उतायचा. बाई, तुमची आई, तवा येत शाळेवर. आमच्या समोर तूप लावीत आनि आमी पोरा हसू."

निशाने मुठीतली घडी घट्ट धरली आणि बाजाराच्या चढाला लागली.