रिकामी आलेली चादर

झरताजा तंदुरात शेवटची रोटी लावत होती, तेवढ्यात तोरगुल मास्तर अंगणात आला आणि तिच्या पायाशी बसला. "अदे, ननवाते," एवढंच म्हणाला. आई, आश्रयाला आलोय.

यापुढे काही विचारायचं नसतं. लष्करानं उचलून नेलेली माणसं कुठं आहेत, असं मास्तरनं भर सभेत विचारलं होतं, हे अख्ख्या स्वात खोऱ्याला ठाऊक होतं. तिनं गरम रोटी त्याच्यापुढे ठेवली. तो जेवला, आणि तिचा झाला.

तिसऱ्या दिवशी तिचा थोरला भाऊ नौशेरवान आला. गावात त्याचा शब्द चाले.

"विधवेच्या घरी पाहुणा किती दिवस झाकशील? माझ्या गाडीतून मर्दानला पोचवतो, त्याच्या मावशीकडे."

"लाला, भावाचा शब्द?"

"वेडे, तुला खांद्यावर बसवून नदी कुणी पार करवली? आणि मला शब्द मागतेस?"

मास्तर हसला. "अदे, यांच्या गाडीला पीचचा इतका वास येतो, की चौकीवरचे मला फळ समजून सोडतील."

"कुठली फळं!" नौशेरवान फणकारला. "तीन आठवडे माझे ट्रक अडवून ठेवलेत लष्करानं चौकीवर. सडला माल. बागेतली तोडणीही बंद."

झरताजानं आपली काळी, लाल कशिद्याची चादर मास्तरच्या खांद्यावर घातली. बाईच्या चादरीखालच्या माणसाला पठाण हात लावत नाही, असं तिची आई सांगायची.

"पोचलास की मावशीला सांग, चादर परत पाठव."

चार दिवसांनी चादर आली. नौशेरवान स्वतः घेऊन आला, वर पीचची पेटी.

"पोचला?"

"पोचला तर. मावशीनं किती दुवा दिल्या तुला!"

झरताजानं चादर उलगडली. चारही कोपरे चाचपले. गूळ नाही, अक्रोड नाही, चिमूटभर गहूसुद्धा नाही. कुठल्याही घरची बाई दुसरीची चादर रिकामी पाठवत नाही, एका कोपऱ्यात काहीतरी बांधतेच. नौशेरवानला हे कुठून ठाऊक असणार? त्या गाठी बायका बांधतात, बायकाच सोडतात.

मग तिची नजर पेटीवर गेली. फळं ताजी होती, आजच तोडलेली.

"ट्रक सुटले वाटतं, लाला?"

तो पेटीची दोरी सोडत राहिला. "नुसती चौकशी करून सोडतो म्हणाले गं. वर्षाचं पीक होतं माझं."

तिनं चादर हातात घेतली आणि निघाली, थेट हुजऱ्याकडे. पुरुषांच्या त्या बैठकीत ती जन्मात गेली नव्हती. खाटांवर गावातले जाणते बसले होते. तिनं चादर मधोमध जमिनीवर ठेवली. डोकं उघडंच होतं; तिचे पांढरे केस आजवर परक्यानं पाहिले नव्हते. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"पोरी, डोकं झाक," म्हातारे मिर्झाली बाबा म्हणाले. तिच्या लग्नाला त्यांनीच तिला घोड्यावर चढवलं होतं.

"झाकते, बाबा. तो माणूस आणा. ही चादर अजून त्याचीच आहे; त्याच्या हातून घेते आणि झाकते."

कुणीतरी खोकलं. कोणता माणूस, असं एकानंही विचारलं नाही.

तेव्हा तिनं खाटेजवळचं ताट पाहिलं. त्यात पीचच्या बिया पडल्या होत्या, अजून ओल्या.